रियाच्या पत्राला जपानी उत्तर

मसोली, डहाणू रोड
२१ फेब्रुवारी १९९९

चि. मुक्ता,

आशीर्वाद लिहायचा हक्क मला उरलाय की नाही, ठाऊक नाही. तरी लिहितो. अनेक आशीर्वाद.

रियाचं पत्र मंगळवारी मिळालं. पाकिटावरचा पत्ता तुझ्या हातचा आहे, ते लांबूनच ओळखलं. चौदा वर्षांत तुझा इंग्रजी ‘डी’ काही सुधारला नाही, अजून पोट सुटल्यासारखा काढतेस. मी दारात पेन उघडून उभा, तर पोस्टमन म्हणतो, “सर, सही नको, साधं टपाल आहे.”

आत तू एक अक्षर लिहिलं नाहीस. बरोबरच आहे. पण पत्ता तू लिहिलास, तिकीट तू लावलंस, म्हणजे पोरीला अडवलं नाहीस, एवढं माझ्या डोक्यात शिरतं.

पोरगी हुशार आहे हो! शाळेत इंग्रजीच्या बाईंनी परदेशातल्या कुणालातरी पत्र लिहायला सांगितलं, म्हणून लिहितेय म्हणते. येत्या मे महिन्यात तेरा पूर्ण होतील, टेनिस खेळते, गाजर आवडत नाही. अकरा वाक्यं आणि चूक एकच, तीही आर्टिकलची. तलासरीला माझ्या दहावी ‘अ’मधल्या पोरांनी असं पत्र लिहिलं असतं तर मी वर्गात पेढे वाटले असते. शेवटच्या ओळीत मला विचारते, “डू यू मिस ग्रँडमदर?”

छत्तीस वर्षं मी हा शब्द शिकवला. फळ्यावर ओळीने लिहायचो: नेम चुकला, गाडी चुकली, तास बुडाला, आठवण आली. पोरं पाठ करायची, मी मार्क द्यायचो. आता मलाच कुणीतरी प्रश्न घातलाय आणि मी कोरा पेपर घेऊन बसलोय.

उत्तर तिला जपानीत द्यायचं ठरवलंय. हसू नकोस. ती जपानात वाढलेली, तिचं इंग्रजी एका वर्षाचं, मराठी तिला येत नसणार. इंग्रजीत लिहिलं तर ते तुला तिला समजावून सांगावं लागेल. माझं बोलणं तुझ्या तोंडून तिच्यापर्यंत जावं, ही शिक्षा तुला नको.

चौदा वर्षांनी दार किलकिलं झालंय. माझ्या हातून ते पुन्हा लागू नये, एवढीच धडपड आहे. रियाच्या पत्रात अजून एक ओळ आहे, ऑक्टोबर महिन्याची. ती मी दिवसातून चार वेळा वाचतो. त्या ओळीविषयी आज लिहीत नाही.

एकनाथ चुरी
(सही बघ, शाळेच्या हजेरीपटावरची झाली. सवय.)

———

मसोली
७ मार्च १९९९

चि. मुक्ता,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितोय. वाट बघायची मला सवय नाही, तुझ्या आईला होती.

स्टेशनजवळच्या पांड्याला तू ओळखतेस. वह्या-पेनांचं दुकान होतं, त्यात आता एस.टी.डी.ची काचेची पेटीही बसवलीय. त्याने मुंबईला फोर्टच्या फुटपाथवरून इंग्रजी-जपानी डिक्शनरी आणवून दिली. रोमन अक्षरांतली आहे, म्हणून माझं निभलं. “सर, आ उमरमां जपानी?” म्हणून वर दात काढले. मी म्हटलं, गप रे, तुझं मराठी सुधारायला तीस वर्षं लागली, मला तीन महिने दे.

‘मिस’ला अकरा अर्थ दिलेत, बाई! मी आपला पहिला उचलला. ‘नोरिओकुरेरु’. दोन दिवस घोकला. आजोबा, आजी, असे शब्द शोधून शोधून वाक्य जुळवलं, वहीत छान अक्षरात उतरवलं. तिसऱ्या दिवशी उलट बाजूने तपासलं, तेव्हा कळलं की हा गाडी चुकण्याचा शब्द आहे. म्हणजे मी नातीला लिहिलं होतं की आजोबांची आजी सुटली, ते फलाटावर धावत आले, पण चढायला जमलं नाही. छत्तीस वर्षं नोकरी केलेल्या मास्तराने ही चूक करावी! विद्यार्थ्याने केली असती तर बाकावर उभा केला असता.

घरात मी एकटाच हसलो. मग हसणं थांबल्यावर घर इतकं गप्प वाटलं की रेडिओ लावला. सोनीबाई सकाळी येते, भाकऱ्या टाकते, केर काढते, नऊला जाते. त्यानंतर दुसऱ्या सकाळपर्यंत मी बोललो तर पांड्याशी, नाहीतर वाडीतल्या चिकूच्या झाडांशी. तुला माझी दया यावी म्हणून लिहीत नाही हे. बोलायला कुणी नसलं की माणूस शब्दकोश वाचत बसतो, एवढंच सांगतोय.

परवा सुदर्शन भेटला. माझा जुना विद्यार्थी, उंबरगावच्या एका कारखान्यात मशिनं सांभाळतो. म्हणाला, “सर, आमच्याकडे नवं मशिन बसवायला एक जपानी आलाय, हायाशी म्हणून. राहतो मात्र तलासरीला, हायवेच्या लॉजवर.” मी म्हटलं, कारखाना गुजरातेत आणि माणूस तलासरीला का? तर म्हणे, “संध्याकाळी त्याला बिअर लागते सर, आणि गुजरातेत बंदी.” दारूबंदीचा असा फायदा मला व्हायचा होता! पुढच्या रविवारी जातो.

तुझे वडील
एकनाथ

———

मसोली
१४ मार्च १९९९

चि. मुक्ता,

आज तलासरीला जाऊन आलो. बावीस वर्षं जिने गेलो तीच एस.टी., तीच डावीकडची सीट. कंडक्टर नवा होता, त्याने म्हाताऱ्याला उठून जागा दिली, याचा मला रागच आला.

हायाशी पन्नाशीचा, काटकुळा माणूस. लॉजच्या बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता, हायवेच्या ट्रकांकडे बघत. पुढ्यात बाटली आणि शेंगदाणे. इंग्रजी म्हणशील तर आपल्या सहावीतल्या पोराएवढं, पण प्रत्येक शब्द जपून ठेवतो खाली. मला उठून वाकून नमस्कार केला. माझी वही बघितली, ते गाडीचं वाक्य वाचलं आणि हसला नाही गं. सुदर्शन हसला, तो हसला नाही.

मी म्हटलं, मला ‘मिस’चा जपानी शब्द द्या. त्याने पेनाला टोपण घातलं. म्हणाला, “आधी सांगा, कोण? कोणाला? कधीपासून?” मी म्हटलं, शब्द द्या, बाकीचं मी बघतो. त्याने मान हलवली. म्हणाला, गाडी असेल तर वेगळं बोलतात, नेम असेल तर वेगळं, शाळेचा तास असेल तर वेगळं. आणि माणूस असेल तर एक शब्द काढून देता येत नाही. तो माणूस कुठे गेला, परत यायचा आहे का, मागे राहिलेला कसा राहतो, हे कळलं की आमच्याकडे घरातलं माणूस कसं बोलेल ते मी लिहून देतो. नाहीतर ते डिक्शनरीचं जपानी होईल, मुलीला ते आजोबांचं वाटणार नाही.

बघ, छत्तीस वर्षांत हे मला सुचलं नाही. मी शब्द विचारायचो, माणूस कधी विचारला नाही.

मी सांगितलं: माझी बायको, मनोरमा. वारली. त्याने विचारलं, किती वर्षं झाली? मी म्हटलं, चौदा.

त्याने पुन्हा वाकून नमस्कार केला. “चौदा वर्षं एकटे जेवता?” म्हणाला. मी हो म्हटलं. मग त्याने दोन ओळी लिहिल्या. त्यांचा अर्थ असा की, सुरुवातीला फार जड गेलं, आता इतकी वर्षं झाली, शांतपणे आठवण काढतो. सुंदर अक्षर. सुदर्शन म्हणाला, “झालं सर, टाका पोस्टात.”

येताना एस.टी.त तो कागद मांडीवर होता. तो खोटा आहे, मुक्ता. हायाशीचं काही चुकलं नाही, त्याला मी सांगितलं तेच त्याने लिहिलं. वर्ष मी खोटं सांगितलं. रियाच्या पत्रात जे वर्ष निघतं तेच सांगून टाकलं, कारण ते सांगितलं की तुला काही सांगायला नको.

पुढच्या पत्रात लिहितो.

एकनाथ

———

मसोली
४ एप्रिल १९९९

मुक्ता,

तीन आठवडे टाळलं. आता सरळ लिहितो, मध्ये थांबलो तर पुन्हा लिहिणार नाही.

रियाची ती ओळ अशी: ऑक्टोबरात आई आजीच्या फोटोपुढे उदबत्ती लावते, मी आईच्या पोटात होते तेव्हा आजी वारली.

रिया तुझ्या पोटात होती म्हणजे पंच्याऐंशी साल. त्या मे महिन्यात तुझ्या आईला झटका आला, उजवं अंग गेलं, ते मीच तुला कळवलं होतं. तू लिहिलंस, रजा मिळत नाही. आणि सप्टेंबरात तुझं पत्र आलं ते लग्न झाल्याचं. विचारायचं नाही, सांगायचं नाही, नुसतं कळवायचं! माझ्या डोक्यात सणक गेली. गावात मी चुरी सर, सगळ्यांच्या पोरींना शहाणपण सांगणारा. आई बिछान्यात आणि तू तिकडे लग्न लावतेस. मला वाटलं, मेलीस तू आम्हाला.

मग मी ते कार्ड लिहिलं. वर ‘श्री’ घातला नाही. दोनच ओळी लिहिल्या: आम्ही अंघोळ केली, यापुढे पत्र पाठवू नये. आणि कोपरा फाडला.

तू आपल्या घरातली पोर. कोपरा फाडलेलं कार्ड आलं की घरात कुणीतरी गेलं, हे तुला शिकवावं लागत नाही. वाचायचं, तिथेच फाडून टाकायचं, डोक्यावरून पाणी घ्यायचं, असलं कार्ड घरात ठेवायचं नाही. तूही तसंच केलं असशील. पुन्हा वाचून बघायला तुझ्याकडे ते राहिलंच नाही. आणि आजारी कोण, तर आई.

ते तुझं सुतक होतं, मुक्ता. तू जिवंत असताना मी तुझं सुतक पाळलं. तुझ्या आईचं नव्हतं.

डिसेंबरात तुझं जाडजूड पाकीट आलं होतं. मी ‘घेण्यास नकार’ लिहून पोस्टमनच्या हाती परत दिलं. त्यात तू आईसाठी रडली असशील, हे मला आत्ता, या फेब्रुवारीत कळलं. तेव्हा उघडलं असतं तर तेव्हाच कळलं असतं.

आई गेली एक्क्याण्णवच्या ऑगस्टात. म्हणजे त्यानंतर सहा वर्षं होती. बोलणं जड झालं होतं, पण समजायचं सगळं. उजवा हात गेलेला, म्हणून मला लिहायला बसवायची. चार पत्रं तिने मला सांगितली. सोनीबाई साक्षीला. “लिहा, तुझ्यावाचून घर खायला उठतं.” मी लिहायचो, अगदी तिच्या शब्दांत, वाचून दाखवायचो. दुसऱ्या दिवशी तलासरीच्या स्टँडवर फाडून टाकायचो. उत्तर का येत नाही विचारलं की म्हणायचो, तिला वेळ नसेल.

शेवटच्या आठवड्यात तिने विचारलं, मुक्ताला कळवलंत? मी म्हटलं, कळवलंय, निघालीय ती. सोनीबाईकडून तिने केस विंचरून घेतले, निळं पातळ नेसवून घेतलं. तीन दिवस ती दाराकडे तोंड करून पडली होती.

त्यानंतर तुला कळवायचं तोंड राहिलं नाही. सोनीबाई अजून मला म्हणते, “सर, तुमी बाईला लय वाट बगाय लावली.” मी ऐकून घेतो. दुसरं काय करणार.

माफी मागत नाही. मागायची हद्द ओलांडून गेलोय मी.

एकनाथ

———

मसोली
२५ एप्रिल १९९९

मुक्ता,

चार तारखेचं पत्र मी अजून टाकलेलं नाही. ते आणि हे, आणि रियाचं, तिन्ही एकाच पाकिटात येतील.

गेल्या रविवारी पुन्हा तलासरीला गेलो. हायाशीचं काम संपलंय, या आठवड्यात तो परत निघायचा होता. मी त्याला सांगितलं की मी वर्ष खोटं सांगितलं होतं. सुदर्शनसमोर सांगितलं. सुदर्शन खाली मान घालून बसला, माझ्या हातचा मार खाल्लेला पोरगा तो. सगळं सांगायला दीड तास लागला, कारण हायाशीला प्रत्येक गोष्ट नीट समजून घ्यायची होती. कार्डाचा कोपरा फाडून दाखवला, तेव्हा त्याने डोळे मिटले.

मग विचारतो कसा, “आता कोण? कोणाला? कधीपासून?”

मी म्हटलं, नातीने विचारलंय माझ्याबद्दल, पण आधी तिच्या आजीचं लिहा. आजीला, रियाच्या आईवाचून, सहा वर्षं. मग माझं. मला, आजीवाचून, आठ वर्षं. आणि रियाच्या आईवाचून, चौदा.

त्याने बिअरची बाटली बाजूला सारली आणि लिहायला लागला. ‘मिस’ कुठे आहे म्हणून मी शोधत होतो, तर शब्द म्हणून तो कुठेच नाही. ‘इनाकुते साबिशी’ असं लिहिलंय. तू नाहीस, म्हणून एकटं वाटतं, असं काहीतरी. आणि तुझ्या आईच्या ओळीत ‘आइताई’ लिहिलंय, भेटावंसं वाटतं. म्हणाला, आमच्या म्हाताऱ्या बायका एवढंच म्हणतात, जास्त बोलत नाहीत. मी ती अक्षरं गिरवून गिरवून स्वतःच्या हाताने काढली. बारा कागद वाया गेले. रियाला सांग, आजोबांचं अक्षर वाईट आहे, पण उत्तर त्यांचं स्वतःचं आहे.

रियाचं पाकीट उघडं ठेवलंय. त्यात आई कधी गेली ते खरं लिहिलंय. आधी तू वाच. तिला द्यायचं की फाडायचं, ते तू ठरव. फाडलंस तरी मी विचारणार नाही, तो हक्क मी तलासरीच्या स्टँडवर घालवून बसलोय. पण तिचा प्रश्न होता, आणि खोटं उत्तर माझ्याच्याने पाठवलं गेलं नाही. पोरगी मला परत लिहिणार नाही, याची मला फार भीती वाटते. आजवर कुणी मला आजोबा म्हटलं नव्हतं.

खाली पांड्याच्या दुकानाचा फोन नंबर दिलाय. रोज सकाळी दहा ते बारा मी तिथेच पेपर वाचत बसतो.

बाबा

———

मसोली
१२ मे १९९९

मुक्ता,

काल फोन ठेवल्यावर पांड्याने मला पाणी दिलं.

तू पहिल्यांदा विचारलंस, आई कुठल्या तारखेला गेली. मी सांगितलं, एकोणीस ऑगस्ट, सोमवार, सकाळी पावणेसात. तू लिहून घेतलंस, पेनाचा आवाज मला ऐकू आला. मला वाटलं आता तू शिव्या देशील. दिल्या असत्यास तर बरं झालं असतं.

त्याऐवजी तू म्हणालीस, “एकोणनव्वदच्या डिसेंबरात आम्ही आलो होतो, बाबा.” मला आधी कळेचना. सुरतेला जावईबापूंचं काम होतं. मुंबईहून सकाळच्या गाडीने निघालात. गाडी डहाणू रोडला थांबली. रिया साडेतीन वर्षांची, खिडकीपाशी झोपली होती. तू खाली उतरलीस, फलाटावर पाण्याच्या नळापर्यंत गेलीस. शिट्टी झाली तशी परत चढलीस. “म्हटलं, आई नाही, आता कोणाकडे जायचं.”

मग तू विचारलंस, “तेव्हा आई कुठे होती?”

मला उत्तर देता आलं नाही. पेटीबाहेर पांड्या उभा होता, अजून दोन माणसं नंबर लावून उभी होती, म्हणून नव्हे. तू दोनदा “बाबा” म्हणालीस, मग लाईन गेली की तू फोन ठेवलास, ते कळलं नाही.

तू विचारलंस म्हणून लिहितो. डिसेंबरात सकाळचं ऊन पुढच्या ओटीवर येतं. सोनीबाई तिला उचलून तिथे खुर्चीत बसवायची, पायाला तेल चोळायची. सुरतेकडची गाडी स्टेशनात शिरल्याचा आवाज घरापर्यंत येतो, ती आली की तुझी आई सोनीबाईला किती वाजले ते विचारायची. नळापासून आपल्या ओटीपर्यंत चालत बारा मिनिटं लागतात. मी आज सकाळी घड्याळ लावून चाललो, मला म्हाताऱ्याला सोळा लागली.

घरी होती, मुक्ता. आई घरीच होती.

बाबा